दिवस बुडायच्या आतला पिक्चर

आमच्या लहानपणी हिंदी पिक्चरमध्ये एक नट हमखास असायचा. अंगावर पांढरी शाल, कपाळाला गंध, बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. पहिल्या अर्ध्यात तो हिरॉइनच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवायचा, आणि दुसऱ्या अर्ध्यात तिची इस्टेट लाटून तिच्या नवऱ्याला समुद्रात ढकलायचा. अख्ख्या देशातल्या बायका त्याला बघून बोटं मोडायच्या. आणि वाशीम जिल्ह्यातले माझे घरमालक त्याचा नुसता विषय निघाला तरी हात जोडायचे.

"मॅडम, सिनेमाच्या लाइनीत असा सज्जन मानूस दुसरा नाही. इतके पिक्चर केले त्यानं, पन कोनाचं वाईट केलं नाही कधी."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण डोळ्यांत थट्टेचा मागमूस नव्हता. मी म्हटलं, "काकाजी, तो व्हिलन आहे हो!" तर ते असे दुखावले की जणू मी त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाला चोर म्हटलंय.

मी साताऱ्याची. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला आले आणि या जैन कुटुंबाच्या माडीवर भाड्यानं राहिले. पिक्चरच्या बाबतीत मी माघार घेत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे म्हणतात, हिचं लग्न जमेल कसं, बघायला आलेल्या मुलाला ही पगार विचारायच्या आधी आवडता दिग्दर्शक विचारते! तेव्हा काकाजी आणि मी एका घरात येणं म्हणजे भांडणाचीच तयारी होती.

काकाजींचं मेन रोडवर कापडाचं दुकान. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, गळ्यात मोजपट्टी. ती दुकानात तर असायचीच, पण घरी, लग्नात, एकदा तर मयतीलासुद्धा तशीच राहून गेली होती. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी ना माझं गाव विचारलं, ना पगार.

"पान्याचं, लाइटचं काकूले इचारा. मले एकच सांगा. तुमाले पिक्चर इंटरवलच्या आंधी आवडते का नंतर?"

"नंतर," मी म्हणाले. "खरा पिक्चर तर नंतरच सुरू होतो."

काकाजींचा चेहरा पडला. खोली हातची गेली असंच मला वाटलं. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "बाई, त्यायचं मनावर घेऊ नका. सामान आना तुमी."

काकाजींची मतं ऐकत गेले तशी माझी मती गुंग होत गेली. बहुतेक लोकांची मतं चुकीची असली तरी त्यांना काही शेंडाबुडखा असतो. यांच्या मतांना नुसताच शेंडा होता. एका गाजलेल्या पिक्चरमधला वाया गेलेला मुलगा शेवटी सुधारून आईसाठी गोळी झेलतो. थिएटरात माणसं ओक्साबोक्शी रडतात. काकाजी म्हणायचे, "तो नट? दारुड्या हाय. त्यानं मायले कधी सुख नाही देलं." दुसऱ्या एका पिक्चरमध्ये पोलीस इन्स्पेक्टरच खुनी निघतो. काकाजींच्या मते तो इन्स्पेक्टर तपासात जरा ढिला होता, बाकी मानूस प्रामाणिक. बदला घेणाऱ्या हिरोंबद्दल तर ते कायम हळहळत. "लय सोसलं बिचाऱ्यानं. मार खाल्ला, जेलात गेला. त्याचं काही भलं झालं नाही."

दिग्दर्शकांचं आणखी वेगळं होतं. एक अगदी सुमार दिग्दर्शक, ज्याचं नाव घ्यायला मला लाज वाटते, तो काकाजींचा सगळ्यात लाडका. "स्टोरी लांबवर नेते तो. काम पूर्न करते." आणि ज्याच्यावर मी जीव ओवाळून टाकते, तो म्हणे अर्धवट. "सुरू बरोबर करते, मंग हात आखडते." आणखी एक मोठा दिग्दर्शक होता, त्याचं नाव घेतलं की काकाजी शांतपणे विचारायचे, "हा कोन? असा कोनी डायरेक्टर नाही."

"अहो, बक्षिसं मिळालीत त्याला!"

"भेटली असतीन. पन मानूस नाही असा."

मी रागानं जिना चढून माझ्या खोलीत जायचे. पण मी फिजिक्सची बाई, चमत्कारावर विश्वास ठेवत नाही. एवढ्या विचित्र मतांच्या मागं काहीतरी नियम असलाच पाहिजे, म्हणून मी कान देऊन ऐकायला लागले. आणि एक दिवस अकरावीच्या वर्गात सूर्याच्या भासमान गतीवर बोलता बोलता माझ्या हातातला खडू थांबला. लाडक्या दिग्दर्शकाचे पिक्चर लागायचे उन्हाळ्याच्या सुट्टीत. 'अर्धवट' दिग्दर्शकाचे लागायचे हिवाळ्यात. आणि जो अस्तित्वातच नव्हता, त्याचे पिक्चर पावसाळ्यात यायचे. आणि पावसाळा म्हणजे चातुर्मास!

कॉलेज सुटल्यावर मी तडक दुकानात गेले.

"काकाजी, खरं सांगा. तुम्ही एखाद्या तरी पिक्चरचा शेवट बघितलाय का?"

काकाजी ब्लाउजपीस फाडत होते. हात तिथंच थांबला. गिऱ्हाईक बाईला म्हणाले, "ताई, रंग पुन्हा एकदा पाहून घ्या," आणि मला ओढल्यासारखं आतल्या गादीवर नेलं. इकडं तिकडं बघितलं.

"काकूले सांगतलं?"

"नाही."

"सांगू बी नका."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवायची रीत. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दुकानाला दुपारीच काय ती उसंत, म्हणून पिक्चर बघायचा तर तीनच्याच खेळाला. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी, आणि नऊच्या खेळाला वडिलांची सक्त मनाई. बरं, टॉकीजचा तीनचा खेळ तीनला कुठला लागायला! मेडशीकडून येणारी एसटी पोचल्याशिवाय मॅनेजर पडदा उघडत नसे, कारण निम्मं पब्लिक त्या गाडीत. म्हणजे साडेतीन. हिवाळ्यात इंटरवल होईस्तोवर उन्हं उतरायची, आणि काकाजी पायात चपला अडकवून घराकडे पळत सुटायचे. उन्हाळ्यात दिवस मोठा, त्यामुळे पाऊण पिक्चर पदरात पडायचा. चातुर्मासात टॉकीज वर्ज्यच.

"म्हंजे व्हिलन कधी पकडलेला पाह्यलाच नाही म्या," ते म्हणाले. "कोन व्हिलन हाय हेबी कधी कधी माईत नसे."

मला इतकं हसू आलं की बाहेरची ताई रंग सोडून आत डोकवायला लागली. काकाजी हसले नाहीत.

"हसू नका मॅडम. गोष्ट लय अडचनीची हाय." आणि त्यांनी पुढचं सांगितलं.

नवं लग्न झालेलं. घरात चार वडीलधारी माणसं, त्यांच्यासमोर नवराबायकोनं बोलायचं नाही अशी रीत. काकाजी पिक्चरहून आले, ताटावर बसले, आणि आईला स्टोरी सांगायला लागले. आईला त्यात काडीचा रस नव्हता, पण वाढणारी नवी सून पोळी हातात घेऊन उभीच राहिली. स्टोरी इंटरवलपाशी आली आणि काकाजी गप्प झाले. तर पदराआडून आवाज आला, "पुढं?"

"लग्नानंतरचा तिचा मह्याशी पयला शब्द तो, मॅडम. आता तिले काय सांगू? मले माईत नाही, मी भूक लागली म्हनून पळून आलो?" काकाजींनी मोजपट्टी बोटाला गुंडाळली. "मंग देला ठोकून शेवट."

त्या दिवसापासून तीच वहिवाट पडली. टॉकीज ते घर या रस्त्यावर काकाजी शेवट रचायचे आणि भाजी-पोळीबरोबर वाढणारीला ऐकवायचे. पिक्चरला नेण्याचा प्रश्नच नव्हता. दिवस बुडायच्या आत स्वयंपाक कोण करणार? त्यांचे सगळे शेवट गोड असायचे. हरवलेले सापडायचे, भांडलेले एकत्र यायचे, आणि कोणीतरी शेवटी कापडाचं दुकान टाकायचंच. डाकूसुद्धा शरण आल्यावर कापडाचं दुकान टाकायचा.

तो पहिला पिक्चर काकूंच्या मनात घर करून बसला. त्यातल्या हिरॉइनचा नवरा जहाजावर जातो आणि परत येत नाही. पांढऱ्या शालीतला काका तिला आधार देतो. इथं इंटरवल. काकाजींच्या शेवटात काका आपलं घर तिच्या नावावर करून देतो, नवरा परत येतो, आणि ती त्याला म्हणते, आधी दारात उभा राहा, इतके दिवस कुठं होतास ते सांग, मगच आत ये. पुढे अर्थातच दोघं कापडाचं दुकान टाकतात. काकूंना ती बाई इतकी आवडली की लेक झाली तेव्हा तिचं नाव हट्टानं वीणा ठेवलं, त्या हिरॉइनचं. सासूशी त्यांनी त्या एकाच गोष्टीवरून वाद घातला म्हणे.

टॉकीज बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिथं सोयाबीनची पोती असतात. काकाजींचे पिक्चर संपले, पण मतं काही संपली नाहीत. मी त्यांना मोबाइलवर रील दाखवलं तर म्हणाले, "हे बेस हाय. याले शेवटच नाही." आजकाल काही पिक्चरना इंटरवल नसतं, हे सांगितलं तेव्हा मात्र गंभीर झाले. "मंग मानसानं जेवाले कवा जावं?"

असं सगळं सुखात चाललं होतं. दिवाळीनंतर काकू लेकीकडे अकोल्याला पंधरा दिवस राहून आल्या, आणि त्याच सुमारास पुण्याच्या मुलानं आईवडिलांना भिंतीएवढा टीव्ही पाठवून दिला. इंटरनेटवाला. म्हणाल तो पिक्चर लागतो. माझ्याकडे रिमोटचा कारभार आला.

काकूंनी पदराला हात पुसले आणि टीव्हीसमोर येऊन बसल्या. "बाई, याच्यात जुने बी लागतात?"

"सगळे लागतात काकू."

"मंग मले वीणाचा पिक्चर पाहाचा हाय."

काकाजींना जोराचा ठसका लागला. खात तर काहीच नव्हते.

त्या आठवड्यात काकाजींनी जे काही केलं ते बघून मला हसावं का रडावं कळेना. टीव्हीनं डोळे जातात, असं किन्हीराजा गावाहून आलेल्या पाहुण्याकडून काकूंना सांगवलं. वायर ढिली करून ठेवली. मी ती लावली, तर पुन्हा ढिली केली. जुना पिक्चर आहे, यात रंग नाही येणार म्हणाले. काकू म्हणाल्या, "मह्या मनात हायत रंग. तुमीच सांगतले होते, लुगडं जांभळं होतं म्हनून."

शेवटी एके सकाळी काकाजी माडीवर आले. याआधी ते कधी वर आले नव्हते. जिन्याच्या वरच्या पायरीवरच बसले.

"मॅडम, खरा शेवट काय हाय?"

या माणसानं आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. मी आदल्या दिवशीच मोबाइलवर बघून घेतला होता. म्हटलं, "नका विचारू."

"सांगा. काकूच्या तोंडून आयकन्यापक्षा तुमच्या तोंडून आयकलेलं बरं."

"तो काका व्हिलन आहे काकाजी. नवऱ्याला त्यानंच समुद्रात ढकलवलेलं असतं. घर बळकावतो. नवरा वाचून परत येतो, पण तोवर..."

"तोवर?"

"वीणा मरते. त्याच्या मांडीवर."

काकाजींनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, "मले मह्या पोरीचं नाव मेलेल्या बाईवरून ठेवाले लावलं का या पिक्चरवाल्यायनं?" आणि थोड्या वेळानं, "तो काका बी?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तिले समजन का म्या इतके वर्ष थापा देल्या," ते उठता उठता म्हणाले. "एक थाप समजली का मानूस बाकीच्या मोजाले लागते. मंग ती मले कायचंच खरं मानाची नाही."

काकूंनी रविवार ठरवला. मी म्हटलं, सकाळी नाश्ता झाला की लावू. काकू म्हणाल्या, "सकाळी कोन पिक्चर पाहाते? साडेतीनले लावा."

रविवारी काकू ठेवणीतलं पातळ नेसून आल्या, केस विंचरून, अंबाड्यात अबोलीचा गजरा. स्वयंपाक आटोपून ठेवलेला होता. टीव्हीपुढच्या सतरंजीवर अशा ताठ बसल्या जणू पुढच्या रांगेवरून दिसायला हवं. काकाजी खुर्चीत, हातात मोजपट्टी, चेहरा बारावीचा पेपर कोरा देऊन आलेल्या पोरासारखा.

पिक्चर सुरू झाला. नेट मधेच अडकायचं, पडद्यावर गोल चक्री फिरत राहायची. काकूंची काही तक्रार नव्हती. त्यांना पुढचं सगळं तोंडपाठ होतं. "आता तो टोपी काढते पाहा." टोपी निघायची. "आता ती दिवा लावते." दिवा लागायचा. जहाज निघालं तेव्हा मात्र नाक मुरडलं. "हे सांगत तवा ती याच्यापक्षा जास्त रडे." पांढऱ्या शालीतला काका आला आणि वीणाच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला. काकाजींनी मान दुसरीकडे वळवली.

पडद्यावर 'मध्यंतर' अशी पाटी आली. खिडकीतून ऊन तिरपं होऊन सतरंजीवर आलं होतं. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला. ताट वाढतो."

काकू स्वतःबद्दलही 'वाढतो, करतो' असंच बोलायच्या, इथल्या बायकांची तशी रीतच आहे. मी म्हटलं, "काकू, मी थांबवून ठेवते. जेवण झालं की पुढचं बघू. आता जिथल्या तिथं थांबवता येतं."

"कायले? बंद करा तो."

काकाजी माझ्याकडे बघायला लागले, मी काकाजींकडे. मी टीव्ही बंद केला. ताटं मांडली गेली. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. काकाजींनी घास मोडला, पण तोंडापर्यंत नेला नाही. काकू भाकरीची टोपली मांडीशी घेऊन समोर बसल्या आणि हनुवटीखाली हात ठेवला.

"हं. पुढं?"

"काय पुढं?" काकाजी म्हणाले.

"पुढं काय झालं सांगा नं. दिवस बुडून राह्यला."

काकाजींनी घास परत ताटात ठेवला. मला वाटतं, त्यांनी त्या क्षणी खरं बोलायचं ठरवलं असावं. खाली मान घालून ते म्हणाले, "पुढं... तो काका बेइमान निघते."

"छट्!" काकू अशा कडाडल्या की मांजर उठून परसात गेलं. "काहून बेइमान निघन तो? त्यानं तं घर लिहून देलं तिले. डोकं फिरलं का तुमचं? नीट सांगा."

काकाजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"नसन आठवत तं मी सांगतो," काकू म्हणाल्या. "पन तुमी सांगा."

आणि काकाजींनी सांगितलं. आधी चाचरत, मग आवाज चढत गेला. काकानं कागद आणले. वीणानं जांभळं लुगडं नेसलं. नवरा दारात आला. दारात उभा राहा, कुठं होतास सांग, हे काकूंनी त्यांच्याबरोबरच म्हटलं. एके ठिकाणी काकाजींनी दुकान अमरावतीला टाकलं, तर काकूंनी ते हट्टानं कारंज्याला आणलं. दुकानात कोणतं कापड ठेवलं यावरून दोघांची जुंपली. उन्हं भिंतीवरून सरकत गेली. शेवटचा पेला पाणी पिऊन काकाजींनी हात धुतले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मग ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसले.

मी मोरीपाशी भांडी पुसून देत होते. राहवेना. म्हटलं, "काकू, खरंच तुम्हाला पुढचा पिक्चर नाही बघायचा?"

"पाह्यला नं म्या," काकू ताट विसळत म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावर, वीणाच्या घरी. बेकार हाय. मारून टाकते तिले."

माझ्या हातातली वाटी सुटली. "मग आज पुन्हा कशाला लावायला सांगितलात?"

काकूंनी ओसरीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"बाई, टॉकीज बंद पडली तवापासून या मानसानं मले एकबी पिक्चर सांगतला नाही. जेवते, हात धुते, मोबाइल घेऊन बसते. पिक्चर पाह्याशिवाय त्यायच्या तोंडून गोष्ट निघत नाही. म्हटलं, अर्धा दाखवून पाहावं." त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "त्यायले सांगू नका. त्यायले वाटते मले काही माईत नाही."

ओसरीवर झोपाळ्याच्या कड्या करकरायला लागल्या होत्या. आणि काकाजींचा आवाज आला, माझ्याशी भांडताना असायचा तसा, छाती फुगवून आलेला.

"मॅडम! आयकलं का? काकू बी तेच म्हनते. सज्जन मानूस हाय तो. म्या तुमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं!"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. पिक्चरच्या बाबतीत मी माघार घेत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

"हो काकाजी," मी म्हणाले. "देवमाणूस आहे."